टनाचा भाव कोण ठरवतं?

माझं आजोळ सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात. वडील केजला शिक्षक होते, त्यामुळे मी वाढले बीड जिल्ह्यात. दसरा झाला की आमच्या शाळेतले बाक रिकामे व्हायचे. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलं की मामाच्या उसात बीडकडचीच कुटुंबं कोयता चालवताना दिसायची. आता मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मामा साखर कारखान्यात पाच वर्षं संचालक होते, आता पुन्हा पूर्णवेळ शेती बघतात. उत्पन्नातली विषमता येते कुठून, यावर आमचं पटत नाही. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून ते त्यांच्याच शब्दांत आधी येऊ दे.

मामा : विषमता, विषमता म्हणतेस, पण माणसं पुढं सरकली की नाही हे बघ की आधी. मी शाळेत असताना फडावर येणाऱ्या बाईच्या अंगावर धड लुगडं नसायचं. आज कोपीबाहेर मोटारसायकल उभी असते, पोराच्या हातात मोबाइल असतो. आणि जागतिक बँकेचाच आकडा पेपरात आला होता. आपला गिनी निर्देशांक २५.५. जगात सगळ्यात कमी विषमता असलेल्या देशांत आपण.

मी : तो आकडा २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीतला आहे, मामा. घरात किती खर्च झाला ते त्यात मोजलंय. कोटी कमावणारा माणूस कोटीची भाकरी खात नाही, त्याचा पैसा शेअरमध्ये, जमिनीत, फ्लॅटमध्ये जातो. शिवाय खर्च विचारायला येणाऱ्या माणसाला अशा घरांचं फाटक सहसा उघडत नाही. त्याच वर्षाचं उत्पन्न भारती, चान्सेल, पिकेटी आणि सोमंची या अर्थतज्ज्ञांनी प्राप्तिकराची आकडेवारी जोडून मोजलं, तेव्हा वरच्या १ टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा निघाला. इंग्रजांच्या काळापासूनचे त्यांचे आकडे आहेत, त्यात इतका वाटा कधीच नव्हता. त्यांच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत, ते मी मुलांना शिकवते. पण मोटारसायकल आली म्हणजे अंतर कमी झालं असं होत नाही. दोघंही पुढं गेले आणि एक फारच पुढं गेला, असंही होतं.

मामा : बरं, असेल. मग त्या वरच्या एक टक्क्याला धर. माझ्या फडात काय शोधतेस?

मी : वरच्याकडे किती साठलं हे शोधायला मुंबईत जावं लागेल. खालच्याला किती मिळणार हे मात्र फडात ठरतं. तेही कोयता चालण्याच्या आधी, पावसाळ्यातच.

मामा : ते बाजारात ठरतं. हंगामात दहा लाखाच्या आसपास माणसं तोडीला बाहेर पडतात, दोनशेच्या आसपास कारखाने चालतात. कुणी कुणाला दोरी बांधून आणत नाही. ज्याला परवडतं तो येतो, ज्याला परवडत नाही तो पुण्यात वॉचमन होतो. ऊस तोडायला शिक्षण लागत नाही. जे काम कुणालाही येतं त्याचा भाव कमी असणारच. उद्या त्यांच्या पोरांनी आयटीआय केलं, चाकणला लागली, की आपोआप उत्पन्न वाढेल. विषमतेवर एकच औषध, शिक्षण आणि कारखानदारी. मजुरीचा दर ओढूनताणून वाढवून काही होत नाही.

हे शेवटचं वाक्य मी अनेक शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. पाठ्यपुस्तकातही ते थोड्या वेगळ्या शब्दांत असतं: कामगाराला त्याच्या उत्पादकतेइतकं मिळतं, कमी मिळत असेल तर उत्पादकता वाढवा. मामांना ते वाक्य कुणी शिकवलेलं नाही, त्यांच्या अनुभवातून आलं आहे. म्हणून उत्तरही फडातूनच द्यायला हवं होतं.

मी : कुणालाही येतं? मामा, तुम्हीच टोळीच्या मागे फिरून सांगत असता, जमिनीलगत तोडा, बुडखा वर ठेवू नका.

मामा : मग? साखर बुडातच जास्त असते. चार बोटं वर तोडला तर एकरी दोन-तीन टन रानात राहतो, आणि खोडवा पण नीट फुटत नाही.

मी : म्हणजे वाकून, जमिनीला हात टेकेल इतकं खाली तोडायचं, एका घावात, बुडखा न चिंबवता. मग पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. आणि बाईनं ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. फळी हातभर रुंद, पहाटेच्या दवानं ओली झालेली. ट्रॉली भरत जाईल तशी फळी उभी होत जाते. मी एकदा नुसती रिकाम्या हातानं चढून बघितली, अर्ध्यावरून खाली आले. हे कौशल्यच आहे. त्यावर तुमचा पुढच्या वर्षीचा खोडवा अवलंबून आहे. पण त्याचा भाव वेगळा लागत नाही. ज्यानं बुडातून तोडला त्यालाही टनावर पैसे, ज्यानं वरून तोडला त्यालाही टनावर.

मामा : टनावर आहे म्हणून तर न्याय आहे. जो जास्त तोडेल त्याला जास्त.

मी : मग हिशेब करू या. जानेवारी २०२४ च्या करारात तोडीचा दर टनाला २७३ च्या आसपास होता तो ३६६ च्या आसपास झाला. एक जोडी दिवसाला किती तोडते?

मामा : दीड टन. चांगली जोडी असेल आणि ऊस पडलेला नसेल तर दोन.

मी : म्हणजे जोडीला ५५० ते ७३० रुपये, माणशी २७५ ते ३६५. पहाटे चारला उठून, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरून. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये होता. दिवसा, आपल्या गावात, एका पाळीचं काम. जिल्हे ओलांडून, पोरं घेऊन, उसाच्या पाचटात झोपून मिळतं ते जवळपास तेवढंच. तुमच्या बाजाराच्या नियमानं त्रास जास्त तिथे भाव जास्त हवा. इथे तो नियम कुठे गेला?

मामा : उचल विसरलीस. लाख-सव्वा लाख रुपये एका कोयत्याला आधी मोजतो आम्ही. बिनव्याजी. कुठली बँक देते? रोजगार हमी देते का पोरीच्या लग्नाला पैसे?

मी : उचलच सगळ्याचं मूळ आहे, मामा. लाख रुपये फिटायला ३६६ च्या दरानं २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तरी १३७ दिवस, एकही सुट्टी नाही. आणि हंगाम काही वर्षी शंभर दिवसांतच आटोपतो. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि उचल अंगावर राहते. पुढच्या दसऱ्याला टोळी नेणाऱ्या त्याच मुकादमाकडे, तो म्हणेल त्या कारखान्याला. दर चांगला देणारा दुसरा कुणी असला तरी त्याच्याकडे जाता येत नाही, कारण आधी जुनं फेडायला हवं. बाजारात दोनशे कारखाने असतील. ज्याच्या अंगावर उचल आहे त्याच्यासाठी बाजारात एकच मुकादम असतो.

इथे थोडं थांबून सांगते. एकच खरेदीदार असलेल्या श्रमबाजाराचं विश्लेषण केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये केलं. अशा बाजारात कामगाराला त्यानं निर्माण केलेल्या मूल्याइतकी मजुरी मिळत नाही. त्याच्याकडे दुसरी वाट किती वाईट आहे त्यावर ती ठरते. बीडच्या बालाघाटावरचा माणूस काम नाकारू शकतो का, नाकारलं तर जानेवारीत घरात काय शिजेल, यावर सांगलीच्या फडातला टनाचा भाव ठरतो. माझ्या मते विषमतेवर बोलताना सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट हीच आहे. आपण शिक्षण मोजतो, जमीन मोजतो, पण ‘नाही’ म्हणण्याची ताकद कुणाकडे किती आहे हे मोजत नाही.

मामा : ताकदीचं म्हणतेस तर दुसरी बाजू पण ऐक. उचल घेऊन पळालेले मुकादम किती आहेत, माहीत आहे? आमच्या भागात ट्रॅक्टरवाले पोरगे आहेत, पंचवीस-तीस वर्षांचे. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार त्यांचा. ते बँकेकडून कर्ज काढतात, दहा-पंधरा लाख मुकादमाच्या हातात ठेवतात. ऑक्टोबर उजाडतो आणि मुकादमाचा फोन बंद. टोळी दुसऱ्याच जिल्ह्यात उतरलेली असते, दुसऱ्याकडून पण उचल घेऊन. पोलिसात जा, बीडला चकरा मार. ट्रॅक्टरचा हप्ता थकतो, घरातलं सोनं जातं. तो पोरगा मालक आहे का गं? त्याची ताकद किती?

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, कारण हे खरं आहे. त्या साखळीत कारखाना, वाहतूकदार, मुकादम, कोयता अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीनं आपली जोखीम खालच्यावर ढकललेली आहे. कारखाना म्हणतो कामगार आमचे नाहीत, वाहतूकदाराचे आहेत. वाहतूकदार म्हणतो मुकादमाचे आहेत. मुकादम स्वतःच बहुतेक वेळा कालचा कोयतेवाला असतो.

मी : त्या पोराची ताकद कमीच आहे. मी उलट असं म्हणेन, त्याच्यावर ही वेळ आली कारण कामगारांशी थेट नातं ठेवायला कारखाना तयार नाही. नोकरीवर ठेवलं तर भविष्य निर्वाह निधी, विमा, अपघाताची भरपाई, बाळंतपणाची रजा, सगळं आलं. ते टाळण्यासाठी मध्ये दोन माणसं उभी केली. त्या दोघांपैकी एक बुडाला तर कारखान्याचं काही जात नाही.

मामा : कारखाना म्हणजे कोण? आम्हीच सभासद. आमचं काय चाललंय ते पण बघ. २०२४-२५ ची एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधलेला उसाचा किमान भाव, टनाला ३४००, ती सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक सातशे-आठशे आमचीच कापली जाते. खत, पाणी, वीज, चौदा-पंधरा महिने रान अडकलेलं. आणि साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये ठरला, त्यानंतर एफआरपी जवळपास दर वर्षी वाढली पण ३१ चे ३१. तुझ्या कॉलेजमधल्या लोकांना साखर स्वस्त हवी, सरकारला महागाई नको, आणि मजुरीचा बोजा मी उचलायचा? मी काय टाटा-बिर्ला आहे?

मी : नाही. आणि हे तुम्ही कधी मोठ्यानं म्हणत नाही ते मी म्हणते, ऊस उत्पादकाला रास्त भाव मिळाला तो बाजाराच्या कृपेनं नाही मिळाला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला, कारण एकटा शेतकरी व्यापाऱ्यापुढं टिकत नव्हता. नंतर कायद्यानं भाव बांधला गेला. एकत्र येणं आणि कायद्याचा आधार, या दोन गोष्टींनी तुमच्या पिढीचं उत्पन्न वाढलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आधी शेतकऱ्यानं आयटीआय करावं.

मामा जरा गप्प बसले. मग त्यांनी जो मुद्दा काढला तो आमच्या सगळ्या वादातला मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मामा : कायदा आणि एकजूट म्हणतेस तर हे सांग. २०२० ला करार झाला तेव्हा सरासरी १४ टक्के वाढ मिळाली. २०२४ ला ३४ टक्के. संघटना त्याच, साखर संघ तोच, शरद पवार दोन्ही वेळेला मध्ये होते, मुंडेंच्या घरातून पंकजाताई होत्या. मग चौदाचे चौतीस कसे झाले? मी आतला माणूस आहे, सांगतो. माणसं मिळेनात म्हणून. बीडची पोरं आता तोडीला यायला तयार नाहीत. पुण्याला रिक्षा चालवतात, गोदामात जातात. कारखाने एकमेकांच्या टोळ्या पळवायला लागले. टंचाई झाली की भाव वाढतो. म्हणजे बाजारच.

मी : आणि ती पोरं पुण्याला का जाऊ शकली?

मामा : शिकली म्हणून.

मी : काही शिकली म्हणून. पण सगळ्यांत मोठं, त्यांना दुसरी वाट सापडली म्हणून. मामा, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. कोयत्याची धार २०२० ते २०२४ मध्ये वाढली नाही. एका जोडीचं दिवसाचं टनेज वाढलं नाही. उत्पादकता होती तेवढीच आहे आणि दर ३४ टक्के वाढला. कामगार ‘येत नाही’ म्हणू शकला, एवढाच फरक.

मामा : मग झालं की. बाजारानं वाट दिली, त्यांनी घेतली. सरकारनं काय केलं त्यात?

मी : सगळ्यांना तशी वाट मिळत नाही, इथे अडतं. देशात २०१८-१९ मध्ये कामकरी लोकांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते, २०२३-२४ मध्ये ते ४६.१ टक्के झाले. कारखानदारी माणसं ओढून घेईल म्हणताय, इथे माणसं परत रानात येताहेत. मग वाट मुद्दाम तयार करावी लागते. आणि ती तयार करणारा माणूस तुमच्याच जिल्ह्यातला, वि. स. पागे. त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव भागात प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावून. मागेल त्याला काम, म्हणजे रानमालकापुढं ‘इतक्या कमीत येत नाही’ म्हणायची सोय.

मामा : जतला माझी सासुरवाडी. मी डोळ्यांनी बघितलंय. १९८८ ला रोजगार हमीची मजुरी दुप्पट केली, टाळ्या वाजल्या. नंतर कामंच निघेनात. ‘मागेल त्याला’ राहिलं कागदावर. तिजोरीत पैसा नसला की हमी कसली?

हे त्यांचं निरीक्षण अर्थशास्त्रज्ञांनीही नोंदवलं आहे. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी त्या वाढीनंतरच्या काळाचा अभ्यास केला आणि हमी प्रत्यक्षात मोजून-मापून दिली जाऊ लागल्याचं दाखवलं. हे मी मामांपासून लपवलं नाही. पण त्यामुळे हमीची कल्पना खोटी ठरते असं मला वाटत नाही. दुप्पट मजुरीला दुप्पट पैसा लागतो, एवढं त्यातून सिद्ध होतं.

मी : तुमचं बरोबर आहे. पण आंध्रातला एक प्रयोग सांगते. तिथे मनरेगाची मजुरी वेळेवर आणि थेट मजुराच्या हातात पडावी म्हणून स्मार्टकार्ड आणली. कोणत्या मंडलात आधी आणायची हे लॉटरीनं ठरवलं, त्यामुळे तुलना चोख करता आली. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काय दिसलं? गरीब घरांचं उत्पन्न वाढलं, पण त्यातला फार मोठा हिस्सा सरकारी कामाचा नव्हता. खाजगी रानातली मजुरी वाढली होती. आणि मजुरी वाढली म्हणून खाजगी काम घटलं नाही, उलट वाढलं. एका जागी भक्कम पर्याय उभा राहिला की शेजारच्या रानातलाही भाव हलतो.

मामा : आंध्र वेगळा. तिथे पण शेतकरी रडतोच आहे. आणि तुझा पर्याय उभा राहीपर्यंत इथे यंत्र येऊन उभं राहिलंय. हार्वेस्टर दिवसाला शंभर टन तोडतो. तू मजुरी वाढव, मी यंत्र आणतो. मग तुझ्या कोयत्यानं कुठं जायचं?

मी : यंत्र येणारच. पण तेही निव्वळ बाजारानं येत नाहीये. महाराष्ट्रात ९०० हार्वेस्टरची योजना निघाली, एका यंत्राला ४० टक्के किंवा ३५ लाख रुपयांपर्यंत सरकारी अनुदान. भांडवलाला सरकारनं हात दिला, श्रमाला मात्र बाजारावर सोडलं. पन्नास जोड्यांचं काम जाणार, त्या यंत्रावर ड्रायव्हर म्हणून त्या पन्नासांतला एक तरी घ्या अशी अट तुमच्या कारखान्यात कुणी घातली का?

मामा : अट... नाही घातली. पण यंत्राला प्लॉट लागतात पाच-पाच फुटी सरीचे, लांब पट्ट्यांचे. अर्धा-पाऊण एकरवाल्याकडे यंत्र वळतच नाही. त्याला कोयता लागणारच, अजून वीस वर्षं.

मी : मग त्या वीस वर्षांचं बोलू. एका कोयत्यात बाई किती?

मामा : एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा गडी आला तर अर्धा कोयता.

मी : पैसे कुणाच्या नावावर?

मामा : गड्याच्या. उचल त्यानंच घेतलेली असते.

मी : बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडी भरते, परत येऊन चूल पेटवते, पाणी भरते. आणि कारखान्याच्या कुठल्याच कागदावर तिचं नाव नाही. एक दिवस पाळीच्या दुखण्यानं बसून राहिली तर खाडा, म्हणजे दंड, तोही दोघांचा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीडच्या पाहणीचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड महिला तपासल्या, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारणं अनेक होती, डॉक्टरांचा धंदा, अज्ञान, स्वच्छतेची सोय नसणं. पण खाडा हे त्यातलं एक होतं. स्त्री-पुरुषांच्या मजुरीतली तफावत आपण टक्क्यांत काढतो. इथे टक्केवारी काढताच येत नाही, कारण तिला मजुरीच नाही.

यावर मामा वाद घालणार नाहीत हे मला माहीत होतं. मामी ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की त्या बायकांचं वय काय. त्यातल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या, असं मी सांगितलं.

मामा : ते वाईट आहे. त्याला मी बाजार म्हणणार नाही. पण तू हिशेब मांडतेस तेव्हा पैसा कुठून येणार ते पण मांड. मी तेच विचारतोय मघापासून.

मी : मांडते. एक टन उसातून सव्वादहा टक्के उताऱ्यानं १०२ किलो साखर निघते. तोडीचा दर ३६६, म्हणजे किलोमागे साडेतीन रुपयांच्या आसपास. टनाला शंभर रुपये वाढवले तर किलोमागे एक रुपया. तो तुमच्या एफआरपीतून कापायला मी सांगत नाही. साखरेच्या दरातून यावा. देशातली निम्म्याहून जास्त साखर शीतपेयं, बिस्किटं, मिठाई असल्या मोठ्या खरेदीदारांकडे जाते. एका रुपयानं ते बुडणार नाहीत. आज ३१ रुपयांचा दर गोठवून ठेवलाय म्हणजे तुम्ही आणि कोयतेवाले मिळून त्या कंपन्यांना स्वस्त साखर पुरवताय.

मामा : हे पटलं. हे दिल्लीला सांग.

मी : दिल्लीला साखर संघानं सांगावं, पण फक्त उसाच्या भावासाठी नाही. तो रुपया कोयत्यापर्यंत जाईल हे लिहून घेऊन सांगावं. नाहीतर दर वाढेल, तो वरच्या दोन पायऱ्यांवरच जिरेल.

मामा : आणि उचल? उचल बंद कर म्हणशील तर माझा ऊस एप्रिलपर्यंत रानात वाळेल.

मी : बंद नको. मुकादमाच्या हातून नको. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालंय, टनामागे त्याच्यासाठी पैसे जमा करायचं ठरलंय. त्यातून किंवा जिल्हा बँकेतून कामगाराच्या नावावर कर्ज द्या. मुकादम बदलला तरी कर्ज तेच राहील, मग जिथे दर चांगला तिथे त्याला जाता येईल. तुमच्या ट्रॅक्टरवाल्या पोराचे पंधरा लाखही मग कुणाच्या बंद फोनवर अवलंबून राहणार नाहीत.

मामा : बोलायला सोपं आहे. मुकादम फक्त पैसे वाटत नाही. तो माणसं गोळा करतो, आजारी पडलं तर दवाखान्यात नेतो, भांडणं मिटवतो, रात्री बारा वाजता गाडी आली तर टोळी उठवतो. त्याला कारखाना वीस टक्क्यांच्या आसपास कमिशन देतो ते उगाच नाही. बँकेचा शाखाधिकारी उठवणार आहे का टोळी? त्याला बाजूला काढलंस तर पहिल्या वर्षी अर्ध्या टोळ्या येणार नाहीत, आणि जे येतील ते बँकेचं कर्ज बुडवून येतील. ते कर्ज शेवटी सभासदाच्या गळ्यात. उचलीवर मी तुझ्याशी सहमत नाही. ते स्पष्ट लिही.

मी : लिहिते. पण मुकादमाचं कमिशन कारखाना देतो म्हणालात. मग खाडा लावू नये अशी अट त्या कमिशनला जोडता येईल की नाही?

मामा : (बराच वेळ विचार करून) जोडता येईल. मुकादम ओरडतील. शेजारच्या कारखान्यानं नाही जोडली तर टोळ्या तिकडं वळवतील.

मी : कोयतेवाली बाई इकडं यायचं म्हणेल.

मामा : तिला विचारून टोळी ठरते असं वाटतं का तुला?

मी : आज नाही ठरत. कारखान्याच्या स्लिपवर तिचं नाव आलं, निम्मे पैसे तिच्या खात्यात पडले, तर ठरायला लागेल.

मामा : सर्वसाधारण सभेत ठराव मांडून बघतो. दोन गोष्टींचा, बाईचं नाव आणि खाडा. उचलीचा नाही. आणि दर वाढवायचा ठराव तर मुळीच नाही, आधी ३१ चे ४० होऊ देत.

मी : आणि ४० झाल्यावर?

मामा : तेव्हा ये, परत हिशेब करू. पण येताना त्या आंध्राच्या अभ्यासात रानमालकांचं काय झालं ते पण वाचून ये. त्यांना कुणी विचारलं होतं का?